फोटोतले आजोबा

"हे माझे आजोबा आहेत," काउंटरपलीकडचा मुलगा म्हणाला. आधी मला त्याचे डोळे आवडले, मग त्याचा राग आला.

विक्रोळीत ऑफिसजवळच्या फ्रेमच्या दुकानात मी माझ्या आजोबांचा फोटो नव्याने मढवायला नेला होता. गुणाजी आजोबा शांतिसेनेतून श्रीलंकेतल्या यादवीत गेले ते परत आलेच नाहीत. आई तेव्हा चार वर्षांची. पुढे आजीही गेली. उरला हा फोटो — मिशीवाला, ताठ उभा जवान. ते कसे बोलायचे, कसे हसायचे, हे सांगणारं कुणीतरी भेटावं म्हणून आई माजी सैनिकांना पत्रं लिहून लिहून दमली होती.

"यांचं नाव गुणाजी," मी ठणकावलं.

"खंडू! लंकेहून परत आले आणि माझ्या बाबांना अभ्यासावरून बदडलं पण. घरच्या भिंतीवर रोज बघतो यार, मी ओळखणार नाही?"

त्याचं नाव विशाल, दुकान त्याचंच. त्याची कमल आजी गावी गेलेली, कानाने अधू, त्यामुळे फोनवर काही विचारायची सोय नव्हती. ती येईपर्यंत तीन आठवडे आम्ही दोघांनी शोध घेतला. शोध कसला, चहाच जास्त! वाकोल्यात फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडे गेलो, तर ते आम्हाला नवराबायको समजले... आणि आम्ही कुणीच त्यांची चूक सुधारली नाही.

"पण विशाल, तुझ्या आजोबांनी दोन संसार केले असतील तर?" परतताना रिक्षात मी विचारलं.

"मग तू माझी आतेबहीण."

"बहीण म्हणालास तर बघ हं!"

तो हसला नाही. त्याने हात माझ्या हाताजवळ ठेवला... आणि काढून घेतला. आईसाठी हे आजोबा हवे होते, आणि मला नको होते.

कमल आजी परतली, तेव्हा मी विशालच्या घरी गेले. तिने मी नेलेला फोटो पाहिला आणि ट्रंकेतून तोच फोटो काढला, पण अख्खा. मिशीवाल्याशेजारी आणखी एक जवान होता — कमरेत वाकलेला, चेहरा टोपीआड.

"ह्ये आमचं मालक," ती मिशीवाल्यावर बोट ठेवून म्हणाली. "आन् ह्यो गुणाजी. हसतोय बघ! हसू आवरंना की असाच वाकायचा, मालक सांगायचं. दोघांनी येक येक फोटो घरी धाडलेला."

"तुझा फोटो आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी कापलाय," विशाल पुटपुटला. "चेहरा दिसतो तो ठेवला."

मला रडू आलं, हसूही आलं. तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर.

सगळं तिला सांगितलं. "बाबा असे हसायचे होय..." ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चिरकला. "म्हणजे एवढी वर्षं मी परक्या माणसाला बाबा म्हणत होते?"

"परके नाहीत हो काकू," विशाल मध्येच बोलून गेला.

"हा कोण गं रुचिरा?"

मी त्याच्याकडे बघतच सांगितलं, "आई, हा... याच्यासाठी मी तीन आठवडे देवाकडे मागत होते, की हे आजोबा आपले नसू देत."