पान पांढरं पडतं

फोन आला तेव्हा चिकटी केस धूत होती. डोक्यावर फेस, फेसाचा एक ओघळ डोळ्यात, कानाला फोन. पलीकडून काकू म्हणाल्या, "आम्ही नाहीसे झालोय गं."

"कोण आम्ही?"

"आम्हीच. आपलं दुकान. गूगलवर कुठ्ठेच नाही. भावजी महिनाअखेरीला किल्ली देऊन टाकणार आहेत. तू येतेस का?"

चिकटी ओल्या केसांनीच निघाली.

तिला चिकटी का म्हणतात ते सांगायला नको. एकदा चिकटली की सुटत नाही. धंदाही तसाच: एखादी वेबसाइट गूगलला का सापडत नाही ते शोधून काढायचं. काकू म्हणजे तिच्या आईची लहानपणापासूनची मैत्रीण.

आणि दुकान होतं डोळ्यांचं. म्हणजे चष्म्यांचं नाही, खऱ्या डोळ्याच्या जागी बसवायच्या डोळ्यांचं. माणसाला समोर बसवायचं, त्याचा चांगला डोळा बघत बघत दुसऱ्याचं बुबुळ रंगवायचं, शिरा म्हणून लाल रेशमाचे तंतू चिकटवायचे. हे सगळं काका करायचे. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, दोन्ही हात लुळे पडले, जीभ जड झाली. तेव्हापासून ब्रश काकूंच्या हातात. आणि आता बघा, कृत्रिम डोळा कुठे मिळतो हे कुणी शेजाऱ्याला विचारत नाही. गुपचूप गूगललाच विचारतात. तिथे दुकान नाही म्हणजे दुकानच नाही.

काका खिडकीपाशी खुर्चीत होते, समोर स्टँडवर टॅब. चिकटीला बघून म्हणाले, "पान... पांढरं... पडतं."

"रोज तेच," काकू म्हणाल्या. "मी साइट उघडून देते, ते आपलं जुनं काम बघत बसतात. मग हाक मारतात, पांढरं पडलं म्हणून. मी येऊन टॅब उचलते तर सगळं जागच्या जागी."

"दादाच्या डोक्यातच पांढरं पडलंय," भावजी कोपऱ्यातून म्हणाले. भावजी म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. हिशेब, जागा, किल्ली, सगळं त्यांच्याकडे.

काकूंनी चिकटीपुढे रंगाची बाटली धरली. "यावर काय लिहिलंय बघ गं. चष्मा कुठे ठेवलाय देव जाणे."

"काकू, नाकावर आहे."

दोघी हसल्या. बाटलीवर लिहिलं होतं, तपकिरी.

चिकटीने लॅपटॉप उघडून क्रॉलर सोडला. क्रॉलर म्हणजे एक प्रोग्रॅम. लिंक धरून एका पानावरून दुसऱ्यावर जातो आणि दिसेल ते टिपून आणतो, गूगल फिरतं तसंच. हल्लीच्या साइट येतात कच्च्या, नुसता सांगाडा. मग स्क्रिप्ट चालते आणि मजकूर, फोटो भरते. म्हणून तिने आधी कच्ची पानं आणली. रिकामी. मग स्क्रिप्ट चालू ठेवून शिजलेली पानं आणली.

तीही रिकामी.

तिने तीच साइट स्वतःच्या फोनवर उघडली. सगळं व्यवस्थित. घारे, काळे, तपकिरी डोळे ओळीने तिच्याकडे बघत होते.

साइट क्रॉलरला ओळखून हाकलत असेल, म्हणून तिने त्याला साध्या मोबाइलचं सोंग दिलं. तरी रिकामी. म्हणजे कोण आलंय हे साइट बघतच नव्हती. मग काय बघत होती?

सगळ्या रिकाम्या पानांत एकच पान भरलेलं आलं. डोळा कसा धुवायचा, रात्री कसा काढून ठेवायचा.

साइटचा पासवर्ड तिघांकडे होता. साइट बनवणारा डेव्हलपर, भावजी, आणि काकूंची लेक, जी कॉम्प्युटर शिकलेली होती आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी राहायची.

डेव्हलपर फोनवरच तडकला. "माझं नाव घेऊ नका. त्या धाकट्या साहेबांनी भांडणाच्या दिवशीच मला माझा पासवर्ड बंद करायला लावला."

"भांडण कशावरून?"

"मी म्हटलं, एक फोटो चढवायला मला चारदा फोन करता, जरा शिकून घ्या. लागलं त्यांना."

"साइट पहिल्यापासून अशीच होती का, स्क्रिप्टवर चालणारी?"

"अशीच. आणि दोन वर्षं गूगलवर पहिल्या नंबरला होती. गूगल चालवतं की स्क्रिप्ट."

मग भावजी.

"जागेला गिऱ्हाईक मिळालंय म्हणे?"

"मिळालंय. त्यात चोरी काय आहे? महिनाभर कुणी फिरकलेलं नाही. मेलेल्या म्हशीला किती दिवस चारा घालायचा?"

"मारली कुणी?"

"तूच शोध. बघ माझ्याच नावावर घालता येते का."

मग लेक. चिकटी तिला ताई म्हणायची.

"कालच बघितली मी साइट," ताई म्हणाली. "छान आहे. उघडलीस की लगेच बोटाने खाली सरकव, सगळं दिसतं. आई बरी आहे ना? रंगवताना मोठा दिवा लावते ना?"

"लावते. पासवर्ड तुझ्याकडे आहे ना?"

"आहे. पण मला कुठला वेळ."

दिवस गेले. चिकटीने स्क्रिप्टच्या फाइली उघडून बघितल्या. एवढासा कोड दाबून बांधलेला, हजारो अक्षरं एका ओळीत. गवताच्या गंजीत सुई. काकूंनी आवराआवर सुरू केली, साचे कागदात गुंडाळले. जेवण कमी झालं. एकदा त्या म्हणाल्या, "हे काम गेलं तर हे नुसते बघत बसतील आणि मी ह्यांच्याकडे बघत बसेन." चिकटी परत त्या ओळीत सुई शोधायला लागली.

मग एका सकाळी एक बाई आल्या. एका डोळ्यावरून ओढणी घेतलेली. "किती शोधलं तुम्हाला," म्हणाल्या. "शेवटी एका जुन्या पेशंटकडून पत्ता मिळाला." काकूंचा चेहरा असा उजळला. त्यांनी बाईंना आत नेलं आणि भाताची वाटी चिकटीच्या हातात दिली. "ह्यांना भरव तेवढं."

एका हातात वाटी, एका हातात चमचा. काका तोंड उघडेनात. त्यांची नजर टॅबवर. चिकटीने वळून बघितलं.

आणि हातातला चमचा तसाच धरून कितीतरी वेळ बसून राहिली.

मग वाटी खाली ठेवली आणि ताईला फोन केला. "ये. आजच्या आज."

संध्याकाळी सगळे कामाच्या टेबलाभोवती जमले. चिकटीने मधोमध टॅब ठेवला, साइट उघडली, हात मागे घेतले.

"कुणीही हात लावू नका."

"जादूचे प्रयोग आहेत का?" भावजी म्हणाले.

"गप बसा, भावजी," काकू म्हणाल्या.

डोळे डोळ्यांकडे बघत राहिले. मग फोटो गेले. मजकूर गेला. पान पांढरं पडलं.

मग काका म्हणाले, "सांगत... होतो."

चिकटीने एक बोट लावलं. सगळं परत आलं.

"क्रॉलरला हात नसतात," ती म्हणाली. "तो पान उघडतो, थांबतो, दिसेल ते घेतो आणि जातो. सरकवत नाही, बोट लावत नाही. गूगलही तसंच. आपण मात्र उघडताक्षणी बोट फिरवतो. इथे कुणीतरी तेवढंच पकडलंय: हालचाल झाली नाही तर पान पुसायचं. म्हणून सगळ्यांना साइट दिसते, फक्त गूगलला नाही. आणि या घरात हात न लावता बघणारा एकच माणूस आहे."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"मग कुणी केलं?" भावजी म्हणाले. "आता म्हण, मी."

"तुम्हाला फोटो चढवता येत नाही. पैसे देऊन करून घेतलं असतंत तर सगळंच पुसलं असतंत. डेव्हलपरनेही रागात सगळंच पुसलं असतं. इथे एक पान वाचलंय, डोळा धुवायचं. नवीन माणूस येऊ नये, पण जुन्याला त्रास होऊ नये. एवढी माया असलेला चोर कोण?" चिकटी थांबली. "ताई, साइट बघ म्हणून सगळेच सांगतात. उघडलीस की लगेच सरकव, असं तू एकटीच म्हणालीस."

ताईने नाही म्हटलं नाही.

"आईला दिसत नाही," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या फ्रॉकची बटणं चाचपडून लावते. डॉक्टरकडे चल म्हटलं, येत नाही. बारीक काम सोड म्हटलं, तर म्हणते, दारात आलेल्याला परत कसं पाठवू. मग म्हटलं, दारात कुणी यायलाच नको."

"आणि आम्ही काय करायचं?" काकूंचा आवाज फाटला.

"माझ्याकडे या. कधीची म्हणतेय."

"येऊन काय करू? ह्यांच्याशेजारी दुसरी खुर्ची टाकू?"

मग त्या उठल्या. आतून सकाळच्या बाईंचा डोळा आणला, नुकता रंगवलेला, आणि ताईच्या तळहातावर ठेवला. "बघ. आणि खरं सांग."

शेजारी त्या बाईंच्या चांगल्या डोळ्याचा फोटो होता. मधासारखा तपकिरी. ताई बघत राहिली.

"हिरवा," काका म्हणाले.

काकू खाली बसल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याने काही होणार नव्हतं.

"ती बाई उद्या येईल," त्या म्हणाल्या.

चिकटी हळूच म्हणाली, "पान पुसणारी ओळ काढू का?"

काकू ताईकडे बघत होत्या. निदान त्या दिशेला तरी. "हिला विचार."

"मला येत नाही गं आई. लहानपणी मी नुसते दोरे चिकटवायचे."

"मग तिथून सुरू कर."

भावजींनी खिशातली किल्ली चाचपली. "महिना संपायचाय अजून," म्हणाले, आणि मोठा दिवा टेबलाकडे वळवला.

ताई आईच्या स्टुलावर बसली. चिकटीकडे बघून मान हलवली. चिकटीने ती ओळ पुसली.

काकूंनी काकांची खुर्ची टेबलाला लावली, ताईच्या अगदी खांद्याशी. ताईने कोरं बुबुळ घेतलं. पहिला रंग लागला. काका बघत होते.

"पिवळं..." ते म्हणाले. "कमी."