पाठमोरी साक्ष

व्हायोलिन दुरुस्तीच्या त्या कारखान्यात सासरे डोक्याला हात लावून बसले होते. गिऱ्हाइकाचं जुनं, नावाजलेलं व्हायोलिन कपाटातून नाहीसं झालं होतं आणि संशय होता त्यांच्या थोरल्या सुनेवर. नवरा गेल्यावर ती हे काम शिकली होती. दुसरा आधार तिला नव्हता.

"संध्याकाळपर्यंत सापडलं नाही, तर तिला इथे जागा नाही," सासरे म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

ऐकून डॉक्टर हळहळले. ते दाताचे निवृत्त डॉक्टर. खासगी तपास करणाऱ्या बाईंसोबत हौसेने हिंडायचे, आजही त्यांच्याबरोबर इथे आले होते, आणि दर वेळी भलत्यालाच चोर ठरवायचे.

साक्षीदार होता धाकटा दीर. तो भिंतीकडे तोंड करून काम करत होता. त्याने नादकाटा ठोकून उजव्या कानाशी धरला, खुंटी केसभर पिळली. सूर चोख लागला.

"मी असाच पाठमोरा होतो," तो म्हणाला. "वहिनीची पावलं डावीकडून, तिच्या टेबलापासून निघाली आणि माझ्या मागून उजवीकडे कपाटाशी गेली. मग कपाट करकरलं."

"इतकं नेमकं ऐकलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कानावरच पोट आहे आमचं."

सून दिराच्या डाव्या हाताच्या टेबलाशी ताठ बसली होती. "मी जागची हललेच नाही. भावजी हल्ली हाक मारली तरी ओ देत नाहीत. परवा मीच चिडून म्हणाले, असं चालणार नाही, मी मामंजींना सांगेन."

"भांडण! म्हणजे सूड घेतला हिने," डॉक्टर पुटपुटले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाई सुनेच्या टेबलाशी गेल्या. त्यांच्या हातून पक्कड खाली पडली. दिराने दचकून उजवीकडे पाहिलं.

"डॉक्टर, सासऱ्यांना बोलवा," बाई म्हणाल्या.

सासरे आले, तशा त्या दिराकडे वळल्या. "सूर ओळखायला एक कान पुरतो. दिशेला दोन लागतात. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित उशिरा. त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पक्कड डावीकडे पडली, तुम्ही पाहिलंत उजवीकडे. वहिनींच्या हाका कामाच्या खडखडाटात तुम्हाला पोचतच नाहीत. तुमचा डावा कान गेलाय. मग पावलं डावीकडून निघाल्याचं कळलं कसं? ती साक्ष रचलेली आहे."

दिराचा चेहरा उतरला. त्याने भुशाच्या पोत्यातून व्हायोलिन काढलं.

"माझा कान गेलाय हे वहिनीने ओळखलं, असं वाटलं मला. बाबांना सांगणार म्हणाली. बहिऱ्याच्या हाती व्हायोलिन कोण देईल? ती गेली असती, तर कुणाला कळलं नसतं."

"मी तुमच्या अबोल्याबद्दल बोलत होते हो!" सून म्हणाली.

"चुकलो, पोरी," सासरे म्हणाले. "ही जागा तुझीच आहे."

सुनेने डोळे पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"चोर ठरवलंत, ते मी विसरणार नाही, भावजी. पण उठा, दवाखाना पाचला बंद होतो. कान आधी दाखवू. माफी वाटेत मागा."