वस्तू सातवी, विनामूल्य

*वस्तू पहिली. लाकडी स्टूल. एक पाय आखूड, म्हणून त्याखाली कागदाची घडी. घडी काढू नका, डुगडुगेल.*

मोबाइलवरच्या एका खेळासाठी तो वस्तू लिहायचा. खेळ साधा. प्रत्येकाला एक रिकामं घर मिळतं, ते सजवायचं, आणि सजवायच्या वस्तू विकत घ्यायच्या. त्यांना हात लावता येत नाही, त्यांच्यावर धूळ बसत नाही, तरी लोक घेतात. त्यांनी घ्याव्यात म्हणून प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी लिहायच्या, हे त्याचं काम. शेजारच्या टेबलावर चित्रकार बाई बसत. तो सांगेल तसं त्या काढत.

सोनेरी झुंबरं आणि संगमरवरी जिने यांच्याकडे कुणी ढुंकून बघेना, तेव्हा एकदा वैतागून त्याने आपल्या लहानपणच्या घरातलं स्टूल लिहिलं, आखूड पायासकट. दुपारपर्यंत ते हजारो घरांत जाऊन बसलं होतं. त्या दिवशी त्याला धंद्यातली गोम कळली. खोट असल्याशिवाय वस्तू आपली वाटत नाही.

खरं घर पाडून बारा वर्षं झाली होती. आईबाबा त्याआधीच गेले. आता ते घर दोनच डोक्यांत उभं होतं, त्याच्या आणि ताईच्या. दर रविवारी सकाळी ताईचा फोन यायचा आणि दोघं गप्पांतून त्या घरात एक फेरी मारून यायची.

*वस्तू दुसरी. भिंतीवरचं घड्याळ. सात मिनिटं पुढे. घरात सगळ्यांना ठाऊक, तरी सगळ्यांची धावपळ.*

*वस्तू तिसरी. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत बटणं. तरी एकदा उघडून बघालच.*

“ढब्बू,” एका रविवारी ताई म्हणाली, “स्टुलावरून पडून हनुवटी फोडून घेतली होतीस, आठवतं? काय भोकाड पसरलं होतंस!”

“कुठलं स्टूल?”

“सोंगं नकोत हं. बाबा कागदाची घडी घालायचे ते.”

तो आठवू लागला. स्वयंपाकघर दिसलं. खिडकी दिसली, ओटा दिसला. ओट्याशेजारी नुसती फरशी. त्याने हनुवटीवरून बोट फिरवलं. व्रण होता.

कामाचा ताण, दुसरं काय! सोमवारी त्याने वस्तू लिहायची वही उघडली. स्टूल होतं, त्याच्याच अक्षरात. त्याला वाटलं, छान लिहिलंय कुणीतरी.

*चौथी. पाचवी.* दोन्ही हातोहात गेल्या. कुठल्या होत्या, ते वहीत बघावं लागतं.

तो काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. सहावी वस्तू खिडकीचा पडदा होती. ती विकायला लावण्याआधी तो चित्रकार बाईंना म्हणाला, “आईने या पडद्याला जुन्या फ्रॉकचं ठिगळ लावलं होतं. उद्या मला विचारा, ठिगळ कशाचं होतं.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, “काय हो, ठिगळ कशाचं?”

“कसलं ठिगळ?”

“वय झालं तुमचं,” बाई हसून म्हणाल्या.

त्याला मात्र हसू आलं नाही.

रविवारी त्याने ताईला सगळं सांगितलं. तिने थट्टा केली नाही.

“आपण दोघंच उरलोय रे. एक जण विसरला की अर्धं घर पडलं. पुरे कर आता.”

“पुरे.”

“आईला तरी हात लावू नकोस.”

“तुझी शपथ.”

“माझी शपथ तू लहानपणी दिवसाला दहादा घ्यायचास. आणि दहादा मोडायचास!” ताई म्हणाली, पण आवाज ओला होता.

बुधवारी कंपनीच्या मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. लोक खेळ सोडून चालले होते. “शुक्रवारी काहीतरी जिवंत द्या. एकूण एक माणसाला, फुकट. ते परत आले नाहीत, तर आपण सगळे घरी.”

फुकट.

हा शब्द त्याच्या डोक्यात घोळत राहिला. जे गेलं, ते विकलं म्हणून गेलं. नुसतं दिलेलं थोडंच जातं? आई नको, शब्द दिला होता. पण ताई? ताई तर चालतीबोलती. आठवड्याला तिचा आवाज कानावर पडतो. तिला विसरायला माणूस काय दगड असावा लागतो? आणि परवा आपलंच चित्र बघून हसेल वेडी.

त्याने लिहिलं. इतकं चांगलं त्याने कधीच लिहिलं नव्हतं.

*वस्तू सातवी, विनामूल्य. उंबरठ्यावर बसलेली मुलगी. एक वेणी घट्ट, एक सैल; सैल तिची तिने घातली आहे. पुढचा दात पडलाय, म्हणून ‘स’ म्हणताना बारीक शीळ वाजते. दात आला तरी शीळ जाणार नाही. धाकट्या भावाची वाट बघतेय. तुम्ही घरी पोचेपर्यंत ती उठत नाही.*

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता त्याने बटण दाबलं.

लोक परत आले. लाखांनी आले. कुणी कुणी लिहिलं, रडू आलं. मॅडमनी पाठ थोपटली.

रविवार उजाडला. कोवळं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. फोन वाजला.

मोबाइलच्या पडद्यावर अक्षरं होती, ‘ताई’.

असा नंबर आपल्या फोनमध्ये कुणी घातला?

“हॅलो?”

“ढब्बू.” बाईमाणसाचा आवाज. थकलेला. “सकाळपासून लावतेय रे.”

‘स’वर बारीक शीळ वाजली. तो हरखून गेला. “अगदी आमच्या खेळातल्या मुलीसारखं बोलता हो तुम्ही! कोण आपण?”



“ढब्बू, थट्टा नको. परवा अकरा वाजल्यापासून मी दारात बसलेय. उंबरठ्यावर. उठताच येत नाही मला.” मग, हळूच, “तू घरी कधी पोचतोस?”

“माफ करा,” तो अदबीने म्हणाला, “चुकीचा नंबर लागला.”

फोन ठेवून तो उन्हात बसला. मोकळाच होता. रविवारी सकाळी या वेळेला आपण काय करायचो, ते त्याला काही केल्या आठवेना.