शेवटच्या पानावरचा निरोप

"मजीदभाय, लवकर चला. इनायतचाचा उठत नाय!"

आखातातल्या दोह्यातली १९६२ सालची रणरणती दुपार. बाजार बंद, गल्ली चिडीचूप. दारात चाचांच्या शेजारी राहणारा रहमान धापा टाकत होता. मजीद तेलकंपनीत क्लार्क. काही भानगड झाली की कोकणी माणसं त्यालाच गाठत. चपला अडकवून तो धावला.

चाचा खाटेवर उताणे होते. उशी मात्र पायाशी. तिच्यावर रक्ताचा लहानसा डाग होता आणि चाचांचा ओठ दातांवर फाटला होता. हे मरण आपसूक आलेलं नव्हतं.

कोनाड्यात चाचांची वही होती. युद्धात अंदमानावर जपानी उतरले तेव्हा चाचा तिथल्या एका खेड्यात शेती करत. जपान्यांपासून भात लपवणं, चोरून रेडिओ ऐकणं, सगळं त्यांनी मराठीत लिहून काढलं होतं. रेडिओची चुगली झाली, जपान्यांनी चार माणसांना गोळ्या घातल्या. आळ आला चाचांच्या जिवलग मुनाफवर, आणि गावानेच त्याचा जीव घेतला. त्याची लेक नूरी महिन्यापूर्वी नवऱ्यामागे दोह्यात आली होती. सासरी तिला अजून 'खबऱ्याची पोर' म्हणत.

काल दुपारी एकाच थाळ्याभोवती चौघे जेवले: चाचा, मजीद, रहमान आणि कापडवाला फजल. तेव्हा चाचा म्हणाले होते, "जुम्याला, नमाजानंतर, वही वाचीन. पयल्या पानावर खऱ्या खबऱ्याचं लिवलंय. शेवटल्या पानावर मुनाफनं लेकीला दिलेला निरोप. तो मात्र आधी नूरी ऐकेल, मग बाकीचे."

मजीदने वही चाळली. एकच पान फाडलेलं होतं, शेवटचं. पहिलं जागच्या जागी. ते त्याने दोनदा वाचलं.

तासाभरात हवालदार आला. वहीचं ठाऊक असलेल्या फजललाही बोलावलं. बातमी कळताच नूरी धावत आली आणि भिंतीशी उभी राहिली. मजीद विचारू लागला आणि उत्तरं हवालदाराला अरबीत सांगत गेला.

"रहमान, दुपारी कुठे होतास?"

"पलीकडच्या खोलीत. झोपलो होतो."

"वही वाचली होतीस?"

"थोडी. मराठी चौथी केलीय मी."

"फजलशेठ, तुम्ही?"

"दुकान बंद करून घरी पडलो होतो. आणि मी वही घेऊन करू काय? मदरशात शिकलो. उर्दूपलीकडे एक अक्षर ओळखत नाय."

"अंदमानाला कधी होतात?"

"नकाशातपण नाय बघितलं."

"यल्ला, चल," म्हणत हवालदाराने रहमानचं मनगट धरलं. दोघांत मराठी वाचता येणारा तोच होता. रहमान रडकुंडीला आला.

"थांबा. खबऱ्याचं पान शाबूत आहे," मजीद म्हणाला.

"खोटं! पयलं पान तर..." फजलने जीभ चावली.

मजीदने पहिलं पान वाचलं, "मुनाफ निर्दोष. चुगली करणारा आज माझ्याच थाळ्यात जेवतो. नाव जुम्याला घेईन. त्याआधी त्याने गुन्हा कबूल करून तोबा करावी."

मग तो फजलकडे वळला. "आख्खी वही गेली असती तर ओरड झाली असती. एक पान गेलेलं कळणार नाही आणि म्हातारा झोपेतच गेला म्हणतील, असा तुमचा हिशेब. पण मराठी वाचणारा पहिलं पान डावीकडून उघडतो. तुम्ही उर्दूसारखी वही उजवीकडून उघडलीत आणि शेवटलं पान पहिलं म्हणून फाडलंत. अक्षर ओळखत नाही, हीच तुमची ढाल होती. तिनेच तुम्हाला पकडून दिलं. आणि चाचांनी तर नावही लिहिलं नव्हतं, शेठ. तुम्हाला सुटायची वाट ठेवली होती."

फजल मटकन खाली बसला. "जपान्यांनी माझ्या भावाला धरलेला, त्याला सोडवायला रेडिओचं सांगितलं," तो पुटपुटला. पान त्याने दुकानातल्या शेगडीत घातलं होतं.

नूरी पुढे झाली. बापावरचा डाग धुतला गेला होता, तरी तिचे डोळे वाहत होते.

"जाळायच्या आधी बघितलं असंल ना तुमी? माझ्या अब्बांनी काय सांगितलेलं?"

फजलची मान वर होईना.

"मला वाचता येत नाय, बाय."