न सापडलेलं

आचऱ्याच्या तिठ्यावर इक्बालचाचांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. तिथली वेताची खुर्ची कित्येक वर्षं माझी. जुन्या संगणकांवर लिनक्स घालायचं आणि कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, त्या यंत्रापुरता हाताने बेतायचा, हे माझं काम. एकेक भाग ओळखायचा, एकेक पर्याय निवडायचा. दोन दिवस मोडायचे, पण चाचा गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या गुरूचो हात आसा."

मग चाचांचा पुतण्या इरशाद पुण्याहून आला. त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो आपणच यंत्र चाचपायचा, जोडलेलं सगळं ओळखायचा आणि तेवढ्यापुरता कर्नल बनवायचा. चहा निवायच्या आत. माझ्या पोटात दुखू लागलं. खोटं कशाला सांगू, तो पोरगा मला डोळ्यांसमोर नको झाला. तो टिकला तर माझी खुर्ची जाणार होती.

पहिली चाचणी दुकानाच्याच संगणकावर होती.

"गुरुदादा, सगळा जोडून ठेव," इरशाद म्हणाला. "जा आता सापडाचा नाय, ता नव्या कर्नलात येवचा नाय."

मी टेबलाखाली वाकलो आणि हळूच प्रिंटरची वायर काढली. मग साळसूदपणे बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो. होऊ दे फजिती.

परत आलो तर नवा कर्नल बनून चालू झाला होता आणि प्रिंटर कागद काढत होता. वायर टेबलाखाली तशीच पडलेली होती.

"चाचा, बघा, सगळा सापडला," इरशाद म्हणाला.

"वायर बघितलंस?" मी विचारलं. त्याने मानसुद्धा वळवली नाही. केवढा माज, मला वाटलं.

मी खुर्चीत बसलो. कीबोर्डवर बोटं चालवली. एक अक्षर उमटेना. इरशादने बाजूने हात घालून टाइप केलं, सगळं उमटलं. माऊस धरला, तर बाण जागचा हलला नाही.

"तुझा कायतरी चुकला," मी म्हणालो.

इरशाद चाचांना प्रिंटरमधला कागद दाखवू लागला.

चाचांनी थर्मासमधून चहा ओतला. दोन पेले.

"चाचा, माका?"

त्यांनी झाकण घट्ट लावलं.

तेवढ्यात रुक्मिणीमावशी मोबाईल दाखवायला आली. कमरेवर माशांची ओली टोपली.

"ही खंय ठेवू?"

"त्या खुर्चेर ठेव गो," चाचा म्हणाले. "रिकामीच आसा."

तिने ठेवली. मी उठलो नव्हतो. टोपलीचं पाणी वेतातून खाली जमिनीवर टपकू लागलं.