शाबासकडं

वर्तन-घडण केंद्रात चाळीस मुलं होती, आणि तरी तिथे टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता होती. डॉ. शर्वाणी टेंभेकरला हल्ली त्या शांततेचाच संताप यायचा.

तिच्यासमोर सात वर्षांची केतकी ताठ बसली होती. तीन महिन्यांपूर्वी हीच पोर ताटं भिरकावायची, चावायची, प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणायची. आज तिचं बोट सुजून वांग्यासारखं झालं होतं. काल दारात चेमटलं, आणि तिने हूं की चूं केलं नव्हतं.

"अगं, सांगायचं नाही का?"

"सांगितलं की आई घाबरते," केतकी म्हणाली. "मग माझ्या हातातलं कडं गुणगुणत नाही."

बोटाला पट्टी बांधून शर्वाणी तडक डॉ. उपासनींच्या प्रयोगशाळेत गेली. शाबासकडं हे त्यांचं अपत्य.

"सर, हे कडं नेमकं काय शिकवतं?"

"वर्तनोपचाराचं मूळ तत्त्वच," उपासनी म्हणाले. "एखाद्या कृतीपाठोपाठ सुखद काही मिळालं, की ती कृती पुन्हा घडते. माणसाला शाबासकी द्यायला उशीर होतो. कडं अर्ध्या सेकंदात गुणगुणतं आणि मनगटावर सुखलहर सोडतं."

"आणि कृती चांगली, हे कोण ठरवतं?"

"पालकाच्या हातातलं जोडकडं. पालकाचा जीव निवला, की मुलाला लहर."

"म्हणजे मोठ्यांची कटकट मिटली, की मूल सुधारलं!" शर्वाणीचा आवाज चढला. "आपण मुलाशी बोलून ध्येय ठरवायचो. रडण्यामागचं कारण शोधायचो. आणि मूल स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून शाबासकी हळूहळू कमी करत न्यायचो. तुम्ही कारण सोडून दिलंत आणि शाबासकी जन्माची चिकटवलीत."

"पालक खूश आहेत. उद्या शाळांसाठी मंजुरी द्यायला समिती येतेय. केतकीचंच प्रात्यक्षिक आहे. तुम्ही फक्त हजर राहा."

हजर राहायचंच असेल तर रिकाम्या हाताने कशाला, असं शर्वाणीने ठरवलं. केतकीच्या आईने लेकीचं बोट पाहिलं, डोळे पुसले आणि जोडकडं काढून दिलं.

ते घालून शर्वाणीने विचारलं, "केतकी, मीठ घातलेलं दूध पिशील?"

पोरीने आधी शर्वाणीच्या हातातल्या जोडकड्याकडे पाहिलं. मग पुटपुटली, "न... नाही."

शर्वाणीला इतकं बरं वाटलं, की केतकीचं कडं लगेच गुणगुणलं. संध्याकाळपर्यंत पोरीने चाळीस वेळा 'नाही' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे उपासनी गोड आवाजात म्हणाले, "बाळ, उभी राहा."

"नाही."

"बरं, नमस्कार कर."

"नाही!"

उपासनींचा चेहरा लालबुंद झाला. शर्वाणीने हात वर करून जोडकडं दाखवलं. "सर, यंत्र बिघडलेलं नाही. ते चांगलं-वाईट शिकवतच नाही. ज्याच्या हातात जोडकडं, त्याच्या मनासारखं वागायला शिकवतं. परवा ती आईच्या मनासारखी वागत होती, आज माझ्या. उद्या कोणाच्या मनासारखी वागेल, ते आधी लिहून द्या आणि मग खुशाल मंजुरी घ्या!"

समितीच्या अध्यक्षांनी फाइल मिटली. शर्वाणीला जग जिंकल्यासारखं वाटलं. "शाब्बास, केतकी! आता आणखी एकदा म्हण. मोठ्याने!"

केतकीने पट्टी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं, मग शर्वाणीकडे.

"नाही. मला आता खेळायचं नाही. बोट दुखतंय."

शर्वाणीला सगळ्यांसमोर तोंडघशी पडल्यासारखं झालं. कडं गुणगुणलं नाही. केतकी क्षणभर त्याची वाट पाहत थांबली. मग तिने ते मनगटावरून ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"नाही म्हटलं ना," ती म्हणाली. "माझ्या आईला बोलवा."