बहिरा कडा

बद्री, तो मोबाईल पालथा घाल आधी. लाईट गेलीय तर जाऊ दे. अन् हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मध्ये दात काढलेस तर उठून जाईन.

शहाऐंशी साल. पौषातली आवस. पिशोर गावाच्या वर डोंगरात वाडी आहे ना, तिथं माझा दोस्त सांडू राहायचा. बायको द्वारकाबाई तापानं फणफणलेली, म्हणून दुपारी औषधाला पिशोरात उतरला. दवाखान्यात गर्दी. मग ओळखीचे भेटले, चहा झाला. गप्पांचा लई शौकीन गडी. वर पोचेस्तोवर काळोख पडला.

द्वारका दारातच उभी. अंगात एवढा ताप, तरी उभी.

"आवडा दिसली का वाटंत?"

"नाय. का?"

"करडू चुकलं म्हून हुडकाया गेली. दिवस होता तवा गेली वो... कड्याकडं."

आवडा म्हणजे त्यांची एकुलती लेक. आठ वर्षांची. सांडूचा सगळा जीव त्या पोरीत.

आता हा कडा. आपला हा सातमाळा डोंगर किती जुना, ठाऊक आहे? शहरातून एक प्रोफेसर आला होता, तो म्हणाला साडेसहा कोटी वर्षं. म्हणजे हाक मारायलाही कुणी नव्हतं अन् ओ द्यायलाही नव्हतं, तेव्हापासून हा उभा. त्यात हा बहिरा कडा. समोर कितीही बोंबला, आवाज घुमून परत येत नाही, म्हणून बहिरा. पण जुनी माणसं म्हणायची, बहिरा कसला! सगळं ऐकतो. एवढं वय झालं की आधी काय अन् मग काय, याचा हिशेब राहत नाही त्याला. उद्याची हाक आजच ऐकवील. म्हणून तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. गुराखी शीळ घालतात. रझाकारांच्या धामधुमीत लोक बायकापोरांसकट याच डोंगरात लपले, पण कड्याजवळ कुणी पथारी टाकली नाही.

सांडूनं बॅटरी घेतली अन् पळत सुटला. शीळ घालत गेला. उत्तर नाही. रातकिडेसुद्धा गप्प. कड्याजवळ आला. नियम गेला खड्ड्यात, पोरीला हाक मारायचीच, म्हणून त्यानं श्वास घेतला.

तेवढ्यात समोरून हाक आली.

"आवडेऽऽ... ए माझे आवडेऽऽ..."

साधी हाक नव्हती ती. मढ्यावर पडून बाप रडतो ना, तसा हंबरडा.

आवाज सांडूचाच होता.

अन् सांडूनं तोंड उघडलं नव्हतं.

त्याला कळलं... हे रडणं आपलंच आहे. अजून रडायचं राहिलंय. आज आपल्या तोंडून हे निघालं, की पोर गेली. त्यानं उपरण्याचा बोळा केला अन् तोंडात कोंबला. दातांनी दाबून धरला.

बॅटरी फिरवली. दगड... दगड... बोराटी...

अन् कड्याच्या पार टोकाला आवडा. करडू कुशीत घेऊन झोपलेली. पुढं नुसता काळोख.

सांडू रांगत निघाला.

"आवडेऽऽ..."

पुन्हा. आता अगदी जवळून. दरीतून.

पोर जागी झाली. "आले आबा," म्हणाली. उठली. दरीकडं तोंड करून.

एक शब्द... मागून एक शब्द बोलला असता तर वळली असती. पण तोच शब्द बोलायचा नव्हता.

तिनं पाऊल उचललं...

सांडूनं झेप टाकली. हाताला तिचा घोटा लागला. आवळून धरला. करडू सुटलं, खाली गेलं.

पडल्याचा आवाज... नाय आला.

कधीच नाय आला.

तोंडातला बोळा त्यानं घरी येऊन काढला. रक्तानं भिजला होता. पोर बाकी धडधाकट. द्वारकेनं तिला पोटाशी धरलं अन् सकाळपर्यंत सोडलं नाही.

सकाळी दरीच्या तळच्या वस्तीवरून पाच-सहा माणसं चढून आली. डोक्याला टापशी, चेहरे उतरलेले. मौतीला येतात तशी. पुढं साळूबाई. तिनं दारात खेळणारी आवडा पाहिली अन् जागीच थबकली.

"अगं बया! ही तर जित्ती हाय!"

"मग?" सांडू म्हणाला.

"रातभर रडणं ऐकलं आम्ही. हिचं नाव घिऊन."

सांडूनं अंगणात बसकण मारली. हळूच विचारलं, "आवाज माझाच होता ना, मावशे?"

साळूबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. तेव्हा सांडू पस्तिशीचा.

"तुझ्यावाणीच व्हता. पर घोगरा... लई थकलेला. म्हातारं माणूस रडत व्हतं, बाबा."

त्याच वर्षी सांडूनं वाडी सोडली. आवडा आता शहरात, पुंडलिकनगरात असते, तिची लेक कॉलेजात जाते. सांडू तिच्याकडंच आहे, पंच्याहत्तरीचा. गेल्या दिवाळीत त्याचा घसा बसला, आवाज घोगरा झाला, तो काही सुटला नाही. मला फोनवर एवढंच म्हणाला, "ऐकलास का आवाज?" अन् फोन ठेवला.

त्या दिवसापासून तो बोलत नाही. आवडा विचारते, "आबा, दुखतंय का काही?" तो नुसती मान हलवतो अन् तिचा हात घट्ट धरून बसतो.